अक्षरजुळणी – भाग ९ : समासाबाहेर गेलेली ओळ

लेटेकमध्ये पहिलं प्रकरण लिहून झालं की बहुतेकांची गाठ एका संदेशाशी पडते : 'ओव्हरफुल एचबॉक्स'. किती पॉइंट जास्त आणि फाइलमधल्या कोणत्या ओळींत, तेही पुढे लिहिलेलं असतं. पीडीएफ उघडून पाहावं, तर उजवीकडे एक शब्द समास ओलांडून बाहेर आलेला. 'वर्डमध्ये असं कधी होत नाही,' ही तक्रार मग ठरलेली. होत नाही, कारण तिथे तो शब्द मुकाट्याने खाली जातो आणि वरच्या ओळीत भगदाडं पडतात. लेटेकच्या मुळाशी असलेलं टेक अशी भगदाडं पाडायला नकार देतं आणि तसं लेखी कळवतं. मला हा प्रामाणिकपणा आवडतो.

हा नकार हिशेबाने येतो. डोनाल्ड कनुथ यांनी टेकसोबतच घडवलेल्या कॉम्प्युटर मॉडर्न या टंकाच्या १० पॉइंट आकारात दोन शब्दांमधली जागा ३.३३ पॉइंट असते. तिला १.६७ पॉइंट ताणायची आणि १.११ पॉइंट आवळायची मुभा असते. आवळण्याची मर्यादा पक्की, तिच्यापलीकडे टेक जात नाही. ताणण्याची मर्यादा ओलांडता येते, पण दंड भरून. जागा मुभेइतकी पूर्ण ताणली तर दोष १०० धरला जातो, मुभेच्या दुप्पट ताणली तर थेट ८००, कारण दंड घनाच्या पटीत वाढतो. लेटेकची सहनशक्ती मुळात २०० ठेवलेली असते. या मर्यादेत बसणारी एकही मांडणी सापडली नाही, की ओळ समासाबाहेर जाते.

शिवाय टेक एकेक ओळ भरून पुढे जात नाही. कनुथ आणि मायकेल प्लास यांनी १९८१ साली मांडलेल्या पद्धतीनुसार ते अख्खा परिच्छेद समोर ठेवतं आणि एकूण दंड कमीत कमी होईल अशा जागी सगळ्या ओळी तोडतं. त्यामुळे शेवटच्या ओळीतला शब्द बदलला तर दुसरी ओळही हलू शकते. हे नीट लक्षात घ्या, कारण बिघडलेल्या ओळीतच हात घालून तिथे सक्तीने ओळ तोडणं हा सर्वात वाईट उपाय आहे. उद्या वर दोन शब्द वाढले की ती सक्ती भलत्याच जागी जाऊन बसते.

मग करायचं काय? आधी आकडा वाचा. १ पॉइंट म्हणजे सुमारे ०.३५ मिलिमीटर. ओळ अर्ध्या पॉइंटने बाहेर असेल तर छापील पानावर ते कुणालाही दिसणार नाही, सोडून द्या. १२ पॉइंट असेल तर मात्र दिसेल. अशा ओळी चटकन सापडाव्यात म्हणून डॉक्युमेंट क्लासला 'ड्राफ्ट' हा पर्याय द्या. प्रत्येक बिघडलेल्या ओळीपुढे काळी पट्टी उमटते.

त्यानंतर भाषा तपासा. झीलेटेकमध्ये मराठी लिहिणारे अनेक जण फक्त टंक निवडतात आणि भाषा सांगायची राहून जाते. टेक मग इंग्रजीचे शब्द तोडायचे नियम हाताशी घेऊन बसतं, आणि देवनागरीपुढे त्यांचा काडीचा उपयोग नसतो. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. 'महाविद्यालयांमधल्यांसाठीसुद्धा' अखंड राहिला तर अरुंद स्तंभाची जवळपास पूर्ण ओळ खातो. पोलीग्लॉसिया या पॅकेजला भाषा मराठी असल्याचं सांगितलं की मराठीचे नियम लागू होतात आणि शब्द अक्षराच्या सीमेवर तुटू शकतो. निम्मे संदेश इथेच थांबावेत.

उरलेल्यांसाठी माझा आवडता उपाय म्हणजे वाक्य बदलणं. लेखक हाताशी असेल तर हे फुकट आहे, आणि बहुतेक वेळा वाक्य सुधारतंही. ते शक्य नसेल तर 'इमर्जन्सीस्ट्रेच' ला एखाद-दोन एमची किंमत द्या. नेहमीची मांडणी फसली तरच टेक ही जादा सवलत वापरतं, म्हणून चांगल्या परिच्छेदांना धक्का लागत नाही. 'स्लॉपी' ही आज्ञा मात्र अख्ख्या पुस्तकाला लावू नका. ती सहनशक्ती २०० वरून ९९९९ वर नेते. संदेश बंद होतात खरे, पण पानभर भगदाडं पडतात.

आता खास आपल्या लिपीचा त्रास. मजकूर नीट आहे, पण मध्येच दोन ओळींत जरा जास्त अंतर दिसतं. १० पॉइंटच्या मजकुरात लेटेक दोन ओळींमध्ये १२ पॉइंट धरतं, आणि हे माप रोमन अक्षरांना पुरतं. देवनागरीत 'उद्धृत' खाली उतरतो, 'विद्यार्थी' वर चढतो. वरच्या ओळीची खोली आणि खालच्या ओळीची उंची मिळून १२ च्या पलीकडे गेली, की टेक त्या दोन ओळींत १ पॉइंटची फट सोडतं आणि खालची ओळ सरकते. हे दोन शब्द एकाखाली एक असण्याचीही गरज नाही. माप पूर्ण ओळीचं घेतलं जातं. 'लाइनस्प्रेड' वाढवून ओळींना मुळातच जास्त अंतर द्या, म्हणजे ही फट सोडायची वेळ येत नाही.

आगंतुक जागांची गोष्ट वेगळी. दोन चित्रं शेजारी हवीत, म्हणून प्रत्येकाला मजकुराच्या बरोबर निम्मी रुंदी दिली, तरी दुसरं चित्र खाली जातं. कारण कोडमध्ये पहिल्या चित्राची ओळ संपल्यावर एंटर दाबलेलं असतं आणि टेकच्या लेखी ओळीचा शेवट म्हणजे एक जागा. दोन अर्ध्या आणि वर ३.३३ पॉइंट, मावणार कसं? त्या ओळीच्या शेवटी % टाका. उलट 'डॉ.' एका ओळीत आणि आडनाव दुसऱ्या ओळीत, किंवा 'इ. स.' इकडे आणि १८१८ तिकडे असं नको असेल, तर मधल्या जागेऐवजी ~ लिहा. तिथे ओळ तुटणार नाही.

उभ्या अंतरांबद्दल थोडक्यात. 'बुक' क्लास प्रत्येक पानाचा तळ सारखा ठेवायला बघतो, म्हणून कमी मजकुराच्या पानावर परिच्छेद एकमेकांपासून फाकतात. 'रॅगेडबॉटम' लिहिलं की फाकणं थांबतं, तळ थोडा वरखाली होतो. पानाच्या माथ्यावर टाकलेली 'व्हीस्पेस' गायब होते, ती चूक नसून नियम आहे. जागा हवीच असेल तर तारांकित रूप वापरा. आणि चित्रं प्रकरणाच्या शेवटी जाऊन साठत असतील, तर एखादं चित्र पानाच्या ८५ टक्के उंचीचं आहे का बघा. माथ्यावर ७० टक्क्यांपेक्षा जास्त जागा चित्राला मिळत नाही, आणि मजकुराच्या पानावर किमान २० टक्के मजकूर लागतो. 'एच' (इथेच) आणि 'टी' (माथ्यावर) एवढीच परवानगी दिलेलं हे चित्र कुठेच बसत नाही, आणि क्रम मोडायचा नसल्यामुळे मागची सगळी चित्रं त्याच्यापाठी अडकतात. परवानगीत 'पी' जोडलं की त्याला स्वतंत्र पान मिळतं आणि रांग हलते.

पुढच्या आठवड्यात तक्ते घेऊ. तोवर आपल्या फाइलमधली प्रत्येक 'व्हीस्पेस' शोधून एकेक काढून बघा, आणि काढल्यावर पान खरोखर बिघडलं अशा किती निघाल्या ते कळवा.