चित्रपटाची तबकडी व तिची राखीव प्रत

गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुटीपूर्वीं आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील हातरुमालांत गुंडाळलेली एक तबकडी घेऊन माझ्याकडे आले. त्यांच्या लग्नाची ती डी. व्ही. डी. होती. हळदीच्या दिवशीं त्यांची आई जात्यावर बसून ओव्या म्हणत असतांनाचें चित्रण तींत होतें. आई आतां हयात नाहीं, आणि तिचा आवाज दुसऱ्या कोठेंही सांठविलेला नाहीं. घरच्या प्लेअरवर तबकडी लावली कीं कांहीं वेळ चित्र दिसे, मग त्याचे तुकडे होत आणि यंत्र थांबे. "सर, बाकीचें राहूं द्या, पण आईच्या ओव्या तरी निघतील का?" असें त्यांनीं विचारलें. ह्या प्रश्नानेंच मला हा लेख लिहिण्यास प्रवृत्त केलें.

विद्यार्थिमित्रहो, एकच प्रत असणें म्हणजे नाशाची वाट पाहणें होय, ही गोष्ट आपल्या वाङ्मयाच्या इतिहासांतही दिसते. महानुभाव पंथाचा "लीळाचरित्र" हा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हाइंभटांनीं तेराव्या शतकांत सिद्ध केला. पण पुढें धामधुमीच्या काळांत मूळ पोथी नष्ट झाली व शिष्यांनीं स्मरणानें तो ग्रंथ पुन्हां जुळविला, असें परंपरा सांगते. चित्रपटांची कथा याहून दुःखद आहे, कारण चित्रपट कोणी पाठ करून ठेवूं शकत नाहीं. दादासाहेब फाळके यांचा "राजा हरिश्चंद्र" ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांसमोर आला. त्याच्या चार रिळांपैकीं पहिलें व शेवटचें एवढींच आज पाहावयास मिळतात. जुनी फिल्म नायट्रेटच्या द्रव्याची असे. ती चटकन पेट घेई, आणि जुनी झाली म्हणजे आपोआप कुजे. पुणें येथें १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें, तोंपर्यंत आपले बहुतेक मूकपट नाहींसे झाले होते. जानेवारी २००३ मध्यें पुण्यासच लागलेल्या आगींत नायट्रेट फिल्मचा आणखी मोठा सांठा जळाला. ज्यांची प्रत दुसरीकडे होती ते वांचले. ज्यांची नव्हती त्यांचें केवळ नांव उरलें.

आतां आपल्या घरांतील तबकडीकडे वळूं. ती बारा सेंटिमीटर रुंद व १.२ मिलिमीटर जाड असते. तिच्या आंत मध्यापासून कडेकडे जाणारी एक अखंड वळणदार वाट असते. सी. डी. वरील ही वाट सरळ केली तर सुमारें पांच किलोमीटर भरेल. कारखान्यांत छापलेल्या तबकडीवर ह्या वाटेंत अतिसूक्ष्म खळगे असतात. लेसरचा किरण त्यांवरून फिरतो, आणि परत येणाऱ्या प्रकाशाच्या कमीअधिकपणावरून यंत्र शून्य व एक हे दोन अंक ओळखतें. ह्या अंकांचेंच पुढें चित्र व ध्वनि होतात. डी. व्ही. डी. वर ही वाट अधिक दाट असते, म्हणून सी. डी. वर सुमारें ७०० मेगाबाईट मावतात तर तिच्या एका थरांत ४.७ गिगाबाईट मावतात.

लग्नसमारंभाची तबकडी मात्र कारखान्यांत छापलेली नसते. तींत खळग्यांच्या जागीं रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो व लिहिणारा लेसर त्यावर डाग पाडतो. उष्णता, ऊन व दमट हवा हीं ह्या रंगद्रव्याचीं शत्रु होत. परभणीचा वैशाख कसा असतो हें तुम्हांस सांगणें नको. पत्र्याच्या छपराखालीं, खिडकीशेजारच्या कपाटांत ठेवलेली तबकडी दिसावयास निर्मळ असूनही आंतून फिकट होत जाते. सी. डी. च्या बाबतींत आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. आपण चकचकीत बाजू जपतों, परंतु माहितीचा थर नांव लिहिण्याच्या बाजूस, केवळ वार्निशाच्या एका पातळ लेपाखालीं असतो. तेथें टोकदार लेखणीनें लिहिलें तर वाचावयाची वस्तूच खरवडली जाते.

थोड्या ओरखड्यानें मात्र घाबरून जाऊं नये. अंक लिहितांना त्यांबरोबर पडताळ्याचे जादा अंकही लिहिलेले असतात, व त्यांच्या साह्यानें यंत्र गळलेले अंक गणितानें भरून काढतें. मध्यापासून कडेकडे गेलेला ओरखडा वाटेस ठिकठिकाणीं एकेकदांच छेदतो, म्हणून तो भरून निघतो. वाटेच्याच दिशेनें गोल गेलेला ओरखडा एके ठिकाणचे पुष्कळ अंक एकदम नष्ट करतो. ह्यासाठींच तबकडी मऊ कापडानें मध्यापासून कडेकडे पुसावी, गोल फिरवून कधींही पुसूं नये.

प्रत कशी करावी, हा पुढचा प्रश्न. जुन्या कॅसेटची प्रत केली कीं प्रत्येक वेळीं चित्र थोडें मंद होई. अंकांच्या प्रतीस हा दोष नाहीं. दहावी प्रतही पहिलीसारखीच असते, मात्र ती बिनचूक उतरली पाहिजे. संगणकावर प्रथम संपूर्ण तबकडीची एक प्रतिमा-फाईल करून घ्यावी व तीवरून नवीन कोरी तबकडी लिहावी. पुष्कळ जण येथेंच चुकतात. ते संगणकावर चालणारी चित्रपटाची फाईल नुसती उचलून कोऱ्या तबकडीवर टाकतात, आणि ती बैठकीच्या खोलींतील प्लेअरवर लागत नाहीं म्हणून कष्टी होतात. साध्या प्लेअरास ठराविक मांडणीच समजते. डी. व्ही. डी. वर "व्हिडिओ टीएस" नांवाचें एक दालन असावें लागतें, व त्यांत ठराविक नांवांच्या फाईली ठराविक क्रमानें असाव्या लागतात. जसें पत्त्याशिवाय पत्र टपालखात्यास पोंचवितां येत नाहीं, तसेंच हें आहे. शिवाय लेखन संपल्यावर तबकडी "फायनलाइज" करणें, म्हणजे तिचें लेखन कायमचें पूर्ण करणें, अवश्य आहे. तसें न केल्यास ज्या यंत्रावर ती लिहिली त्यावर ती चालेल, पण इतर बहुतेक यंत्रें ती नाकारतील.

यंत्रायंत्रांतही भेद आहे. व्ही. सी. डी. १९९३ सालीं निघाली. तिच्या एका तबकडीवर सुमारें ७४ मिनिटांचेंच चित्र मावतें, म्हणून एका मराठी चित्रपटाच्या दोन किंवा तीन तबकड्या येत. घरगुती प्लेअर ती सहज लावतो. परंतु २००० सालीं निघालेलें प्लेस्टेशन २ हें खेळाचें यंत्र डी. व्ही. डी. लावीत असूनही व्ही. सी. डी. लावीत नाहीं, आणि निंटेंडोचें वी हें यंत्र तर चित्रपटाची कोणतीच तबकडी लावीत नाहीं. कोरी तबकडी घेतांना "डी. व्ही. डी.-आर" ही जात घ्यावी, कारण जुनीं यंत्रें ती अधिक सहज ओळखतात. विकत आणलेल्या पुष्कळ चित्रपटांच्या तबकड्या दोन थरांच्या, ८.५ गिगाबाईटच्या असतात. त्यांतील मजकूर एका थराच्या तबकडीवर बसवावयाचा तर चित्राचा दर्जा कमी करावा लागतो. दर्जा राखावयाचा तर दोन थरांचीच कोरी तबकडी घ्यावी लागते. लेखनाचा वेग अतिशय ठेवूं नये, लेखनानंतर संगणकाकडून पडताळा घ्यावा, आणि प्रत ज्या यंत्रावर पाहावयाची आहे त्यावर ती शेवटपर्यंत चालवून पाहावी. पहिलीं पांच मिनिटें चाललीं एवढ्यावर समाधान मानूं नये, कारण तबकडी बहुधा कडेस, म्हणजे चित्रपटाच्या शेवटीं, दगा देते.

विकत घेतलेल्या तबकडीवर बहुधा एक कुलूपही असतें. महानुभावांनीं आपले ग्रंथ सकळ लिपींत लिहिले, व ज्यास तिची किल्ली ठाऊक त्यासच ते वाचतां येत. त्याचप्रमाणें ह्या तबकडीवरील अंक विस्कटलेले असतात व किल्ली प्लेअरमध्यें असते. अशा फाईली जशाच्या तशा कोऱ्या तबकडीवर उतरविल्या तरी चित्र दिसत नाहीं, कारण किल्लीशीं जुळणारा भाग कोऱ्या तबकडीवर लिहितां येत नाहीं. ह्या ठिकाणीं कायदाही समजून घेतला पाहिजे. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्याचें कलम ५२ खाजगी उपयोगासाठीं केलेल्या वाजवी वापरास मुभा देतें. परंतु २०१२ च्या सुधारणेनें आलेल्या कलम ६५-अ प्रमाणें हक्कभंगाच्या हेतूनें असें कुलूप तोडणारास दोन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते, आणि प्रती करून विकणें हा तर उघड गुन्हा आहे. भाड्यानें अथवा उसनी आणलेली तबकडी उतरवून घेणें हें दुसऱ्याच्या श्रमाचें फळ न विचारतां खाणें होय. ज्यांनीं तो चित्रपट निर्माण केला त्यांचाही घामच त्यांत आहे. चित्रपटाचा प्रताधिकार प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून साठ वर्षें टिकतो; प्रभात कंपनीच्या १९३६ च्या "संत तुकाराम" ह्या चित्रपटाची मुदत केव्हांच संपली आहे. घरच्या समारंभाच्या, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या किंवा गांवच्या कीर्तनाच्या चित्रणास मात्र कुलूप नसतें, आणि जगांत दुसऱ्या कोणाजवळ त्याची प्रतही नसते. आपला पहिला प्रयत्न त्याच्याच रक्षणासाठीं असावा.

तबकडीची प्रत तबकडीवरच करून थांबूं नये, हेंही सांगितलें पाहिजे. सोनी कंपनीनें लिहितां येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांचें उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्यें बंद केलें. नवीन संगणकांत तबकडीचें दारच बहुधा नसतें. तेव्हां एक प्रत नव्या तबकडीवर, एक संगणकाच्या हार्ड डिस्कवर, आणि एक दुसऱ्या गांवीं राहणाऱ्या आप्ताच्या घरीं असावी. सेलूच्या घरास आग लागली किंवा गंगाखेडच्या घरांत गोदावरीचें पाणी शिरलें, तरी तिसरी प्रत सुरक्षित राहील. दर दोनतीन वर्षांनीं त्या सर्व चालवून पाहाव्या.

आरंभींच्या गृहस्थांची तबकडी आम्हीं तीन निरनिराळ्या संगणकांवर मंद वेगानें वाचून पाहिली, कारण एका यंत्रास न वाचलेली जागा दुसऱ्यास कधीं कधीं वाचतां येते. जेवणाच्या पंगती व वरात कायमची गेली. आईच्या तीन ओव्यांपैकीं दोन पूर्ण निघाल्या. तिसरी अर्ध्यावर तुटते. त्या गृहस्थांनीं त्या दोन ओव्या डोळे मिटून ऐकल्या, व तिसरी तुटली तेथें हळू आवाजांत स्वतःच पूर्ण केली. त्यांना ती येत होती. त्यांच्या मुलास मात्र येत नव्हती.

विद्यार्थ्यांनो, येत्या उन्हाळ्याच्या सुटींत आपल्या घरचें कपाट उघडा. तबकड्या बाहेर काढा, कोणत्या तबकडींत काय आहे त्याची वडीलधाऱ्यांजवळ बसून यादी करा, आणि जी दुसरीकडे कोठेंही मिळणार नाहीं तिची प्रत सर्वांआधीं करा. पालकांनींही ह्या कामीं मुलांस साह्य करावें. हें काम एका दुपारचें आहे, आणि तें आजच करण्यासारखें आहे.