डोक्यामागचं तेजोवलय नक्की कुणाचं?

बुद्ध, येशू आणि मुघल बादशहा यांच्या चित्रांत एक गोष्ट समान दिसते: डोक्यामागचं गोल तेजोवलय. ते पाहून बरेच जण म्हणतात, ही पवित्रतेची खूण. पुरावे मात्र सांगतात की ती धर्माइतकीच राजसत्तेचीही खूण होती. कुषाण सम्राट कनिष्काच्या नाण्यांवर सूर्याशी जोडलेल्या मिइरो देवतेच्या डोक्यामागे वलय आहे आणि त्याच्याच काही नाण्यांवर बुद्धाच्याही. इटलीतल्या राव्हेन्ना शहरात, सॅन व्हिताले चर्चमधल्या सहाव्या शतकातील मोझेइकमध्ये ख्रिस्ताला वलय आहे, तसंच सम्राट जस्टिनियन आणि सम्राज्ञी थिओडोरा यांनाही. सतराव्या शतकात बिचित्र या चित्रकाराने जहांगीरमागे सूर्य-चंद्राचं भलंमोठं वलय रंगवलं.

यावर आक्षेप येईल की प्रकाश म्हणजे दैवी, हे कुणालाही सुचेल, मग देवाणघेवाण कशाला मानायची? कल्पनेपुरतं हे खरंच आहे. पण रूप पाहा. तेज ज्वाळांनी दाखवता येतं, आणि इस्लामी लघुचित्रांत पैगंबरांभोवती तशाच ज्वाळा आहेत. म्हणजे डोक्यामागची सपाट चकती हा एकमेव पर्याय नव्हता. रोम, इराण आणि कुषाणांचा गांधार हे प्रदेश व्यापाराने जोडलेले होते, म्हणून तीच चकती सगळीकडे दिसणं निव्वळ योगायोग वाटत नाही. मुघल चित्रकारांसमोर तर जेझुइट या ख्रिस्ती धर्मप्रचारकांनी आणलेली युरोपीय चित्रंच होती.

म्हणून वलय दिसलं की आधी विचारावं: हे देवाचं, संताचं की सत्तेचं? तुमच्या पाहण्यात असं वेगळं वलय असेल तर कॉमेंटमध्ये जरूर सांगा.