उतारवयातले समाधान की नैराश्य?

राहाता तालुक्यातल्या शिर्डीमुळे ‘श्रद्धा आणि सबुरी’ हे शब्द घरोघरी आहेत. त्यामुळे आजोबा ‘मला आता काही नको’ म्हणाले, की आपण ते समाधान समजतो. पण समाधानी माणसाची हाव सुटते, गोडी नाही. त्याला चहाची चव लागते, नातवंडांत मन रमते, पेरूच्या बागेत चक्कर मारावीशी वाटते. दोन आठवडे कशातच रस नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. ते नैराश्य असू शकते, आणि सत्तरीनंतरही ते उपचाराने बरे होते. थायरॉईड, बी-१२ आणि कानही तपासून घ्या. ‘जगणं नको’ असे बोलणे निघाले तर त्यांना एकटे ठेवू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक २४ तास सुरू असतो.