बेकारी भत्ता कुणाला मिळतो? गैरसमज आणि वस्तुस्थिती

वसमत तालुक्यातली अनेक मुलं पुणे, चाकण, छत्रपती संभाजीनगरकडे कंपनीत कंत्राटी कामाला जातात. काम सुटलं की गावी परततात आणि ऐकीव माहितीपायी हक्काच्या पैशावर पाणी सोडतात. म्हणून काही गोष्टी स्पष्ट व्हायला हव्यात.

गैरसमज : बेरोजगार असलं की सरकार दरमहा भत्ता देतं.
वस्तुस्थिती : महाराष्ट्रात असा सरसकट भत्ता नाही. ‘प्रधानमंत्री बेरोजगारी भत्ता योजने’चा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेला संदेश खोटा असल्याचं केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयानेच जाहीर केलं होतं. 2024 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतले 6 ते 10 हजार रुपये हे प्रशिक्षणाचं विद्यावेतन आहे, बेकारी भत्ता नव्हे.

गैरसमज : मग काम सुटल्यावर काहीच मिळत नाही.
वस्तुस्थिती : पगारातून ‘ईएसआय’ (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल, तर 2018 पासूनची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना पाहा. काम सुटण्याआधी किमान 2 वर्षं विमा हवा आणि ठरलेल्या कालखंडांत किमान 78 दिवसांचा हप्ता भरलेला हवा. सरासरी रोजच्या वेतनाच्या 50 टक्के रक्कम जास्तीत जास्त 90 दिवस मिळते, तीही आयुष्यात एकदाच. योजनेला टप्प्याटप्प्याने मुदतवाढ मिळत आली आहे. त्यामुळे अर्जाआधी चालू मुदत तपासा.

गैरसमज : भरतीच्या मेडिकलमध्ये नशेच्या चाचणीत नापास झालं की भत्ताही बुडतो.
वस्तुस्थिती : या योजनेच्या अटींत अशी चाचणीच नाही. अमेरिकेत 2012 च्या कायद्याने राज्यांना भत्त्याच्या काही अर्जदारांची चाचणी घेण्याची मुभा दिली. तो नियम तिथला. आपल्याकडे प्रत्येक नोकरीआधी अशी चाचणी सक्तीची करणारा कायदा नाही. विमान वाहतुकीसारख्या जोखमीच्या क्षेत्रांचे नियम वेगळे आहेत.

गैरसमज : म्हणजे नशा करून कामावर गेलं तरी भत्ता शाबूत.
वस्तुस्थिती : मुळीच नाही. कामावर नशेत असणं हे कारखान्यांच्या स्थायी आदेशांत गैरवर्तन मानलं जातं आणि गैरवर्तनाच्या शिक्षेमुळे काम गेलं असेल तर भत्ता मिळत नाही. सेवानिवृत्ती किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांनाही तो नाही.

हा भत्ता कुणाची मेहेरबानी नाही. तुमच्या घामातून गेलेल्या हप्त्याचा तो परतावा आहे. विमा क्रमांक आणि पगारपत्रकं जपून ठेवा, आधार व बँक खातं विम्याशी जोडून घ्या. काम का सुटलं हे ठेकेदाराकडून लेखी मागा आणि कोऱ्या कागदावर सही कधीही करू नका.