क्षाराला आंबट, तेलाला सोडा

व्हिनेगर म्हणजे पाणी आणि त्यात विरघळलेले ॲसिटिक ॲसिड. किराणा दुकानात मिळणाऱ्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये या ॲसिडचे प्रमाण साधारण 4 ते 5 टक्के असते, बाकी जवळजवळ सगळे पाणीच. घराच्या सफाईत व्हिनेगर जे काही करते ते या चार-पाच टक्क्यांच्या जोरावर. लिंबू, चिंच, कोकम आणि आंबट ताक यांच्या पंगतीतलेच हे आणखी एक आंबट. चिंचेच्या चोथ्याने तांब्याचा बंब लख्ख करणाऱ्या घराला त्याचा गुण समजावून सांगावा लागत नाही. त्याच्या मर्यादा मात्र सांगाव्या लागतात, कारण व्हिनेगरने सगळे काही स्वच्छ होते असे सांगणारे आज खूप आहेत आणि ते खरे नाही.

फ्रेंच भाषेत या नावाचा अर्थच ‘आंबट वाइन’ असा आहे. मराठीत त्याला जुना शब्द शिरका. ताडी, माडी, वाइन असे कोणतेही मद्य हवेत उघडे राहिले की ॲसिटोबॅक्टर जातीचे जिवाणू हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने त्यातल्या अल्कोहोलचे ॲसिटिक ॲसिड करतात. लुई पाश्चर यांनी 1860 च्या दशकात या जिवाणूंचा अभ्यास करून आंबण्यामागचे कारण दाखवून दिले. गोव्यात माडाच्या सुरेचे व्हिनेगर अजूनही केले जाते. विंदालू आणि सोरपोतेल यांची चव त्याशिवाय साधत नाही. पण असे व्हिनेगर ताटातच शोभते. त्याला रंग असतो, वास असतो, किंमतही जास्त असते. सफाईला रंगहीन, साधे, स्वस्तातले व्हिनेगर घ्यावे. ते बहुतेक वेळा ‘सिंथेटिक’ असते, म्हणजे कारखान्यात तयार झालेल्या ॲसिटिक ॲसिडमध्ये पाणी घालून केलेले, आणि लेबलवर तसे लिहिलेलेही असते. त्यामुळे ‘नैसर्गिक’ या शब्दावर फार भाळू नये. व्हिनेगरचा खरा गुण असा की ते सौम्य आहे, खाण्यात चालते आणि काम झाल्यावर पाण्याने सहज निघून जाते. न्हाणीघराच्या फरशीवर ओतायचे धूर सोडणारे ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड. ते कातडी भाजते आणि त्याची वाफ छातीत जाते. ते घरात ठेवण्यापेक्षा व्हिनेगर ठेवणे केव्हाही शहाणपणाचे.

व्हिनेगरचे सगळ्यात हुकमी काम म्हणजे क्षार काढणे. महाराष्ट्रात बोअरचे किंवा टँकरचे पाणी वापरणाऱ्या घरांना हा क्षार चांगला ओळखीचा असतो. बादलीच्या आतून पांढरट कडे चढते, शॉवरची भोके बुजतात, नळाच्या तोंडाशी खडबडीत कवच धरते, स्टीलच्या टाकीवर ओघळांच्या रेघा उमटतात. जमिनीत मुरताना पाणी खडकातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येते. असे जड पाणी तापवले की त्यातले विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट फुटते, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि खडूच्या जातीचे कॅल्शियम कार्बोनेट तळाशी बसते. म्हणून साध्या नळापेक्षा गिझर आणि पाणी उकळायची किटली यांत थर लवकर साचतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार एकूण जडपणा लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा; दुसरे पाणीच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. तेवढ्या जड पाण्यात भांड्यांवर राप चढायला वेळ लागत नाही.

हा थर साबणाने जात नाही आणि तारेच्या घासणीने खरवडला तर भांड्यालाच चरे पडतात. आंबट मात्र त्याला विरघळवते. व्हिनेगर लागले की बारीक बुडबुडे येतात; ते कार्बन डायऑक्साइडचे. थर संपेपर्यंत हे चालते, किंवा ॲसिड संपेपर्यंत. हा दुसरा भाग बरेच जण विसरतात. 4 टक्क्यांच्या 100 मिलिलिटर व्हिनेगरमध्ये 4 ग्रॅम ॲसिड असते आणि तेवढे ॲसिड जास्तीत जास्त 3.3 ग्रॅम क्षार विरघळवू शकते. थर जाड असेल तर एकदा ओतून ‘काही फरक पडला नाही’ म्हणण्यात अर्थ नाही. जुने काढून ताजे ओतावे लागते.

नळाचे तोंड साफ करायचे तर सुती फडके व्हिनेगरमध्ये भिजवून त्याभोवती घट्ट गुंडाळावे आणि ते सुकू नये म्हणून वरून प्लॅस्टिकची पिशवी बांधावी. अर्ध्या तासाने फडके सोडले की कवच मऊ झालेले असते. जुन्या टूथब्रशने ते भुगा होऊन पडते. लगेच पाण्याने धुऊन कोरडे पुसावे. चकचकीत मुलामा दिलेल्या नळावर फडके रात्रभर ठेवू नये, मुलामा काळवंडतो. शॉवरसाठी पिशवीत व्हिनेगर घेऊन ती रबराने शॉवरलाच बांधावी, म्हणजे भोके बुडून राहतात. स्टीलच्या किटलीत निम्मे पाणी, निम्मे व्हिनेगर घालून एक उकळी आणावी, तासभर तसेच ठेवावे आणि मग दोनतीनदा नुसते पाणी उकळून टाकावे. त्या वेळी स्वयंपाकघराची खिडकी उघडी असावी, कारण वाफ नाकाला झोंबते. काचेच्या दारावरचे आणि आरशावरचे पाण्याचे डाग निम्म्या पाण्याच्या व्हिनेगरने जातात. शेवटी वर्तमानपत्राचा कागद फिरवला की काच स्वच्छ दिसते. टीव्ही आणि मोबाइलचा पडदा याला अपवाद, त्यांच्यावर थर दिलेला असतो.

खर्चाचा हिशेब करायचा तर लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, आणखी परवडते. चहाचे दोन चमचे पेलाभर कोमट पाण्यात घातले की क्षारावर ते व्हिनेगरइतकेच, बहुधा जास्तच, चालते आणि वासही येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचे. व्हिनेगर कॅल्शियम कार्बोनेट खाते, आणि आपल्या घरातले अनेक दगडही त्याचेच बनलेले आहेत. स्वयंपाकाच्या ओट्याचा काळा कडाप्पा, जुन्या वाड्यांतली शहाबादी फरशी, जिन्याला बसवलेला कोटा हे सगळे चुनखडक. संगमरवर त्याच घराण्यातला. मोझॅकच्या लादीत संगमरवराचीच खडी आणि सिमेंट असते. यांच्यावर व्हिनेगर, लिंबू किंवा चिंचेचे पाणी सांडून राहिले की पॉलिश उडते आणि तिथे फिकट, खरबरीत डाग पडतो. तो मळाचा डाग नसतो. दगडच तेवढा झिजलेला असतो, म्हणून कितीही घासले तरी तो जात नाही. पुन्हा पॉलिशच करावे लागते. फरशी पुसायच्या बादलीत झाकणभर व्हिनेगर टाकावे, हा सल्ला चिनी मातीच्या टाइल्सना ठीक आहे. मराठी घरात मात्र तो डोळे मिटून पाळू नये. टाइल्सच्या सांध्यांत भरलेले पांढरे सिमेंटही वरचेवर व्हिनेगर लागल्याने झिजते. ग्रॅनाइट बरेच सोसतो, पण त्यालाही रोज आंबट लावण्याचे कारण नाही.

ओटा कसला आहे हे ठाऊक नसेल तर सिलिंडरमागच्या, कुणाला न दिसणाऱ्या कोपऱ्यात व्हिनेगरचा एक थेंब टाकावा आणि दहा मिनिटांनी पुसून पाहावे. बुडबुडे आले, किंवा थेंबाची जागा निस्तेज पडली, तर तो चुनखडक. त्या ओट्याला साबणाचे कोमट पाणी पुरे.

दुसरी मर्यादा तेलाची. फोडणीच्या वाफेने एक्झॉस्ट पंख्यावर आणि शेगडीमागच्या भिंतीवर बसणारा चिकट पिवळा थर आंबटाने हलत नाही. तिथे उलट्या स्वभावाचा पदार्थ लागतो, तो म्हणजे धुण्याचा सोडा. पूर्वी भांडी राखेने घासत, त्यामागेही हेच कारण होते. लाकडाच्या राखेतला क्षारधर्मी अंश तेलाला पकडतो. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून, हातात रबरी मोजे चढवून पंख्याची पाती पुसावीत. ॲल्युमिनियमला मात्र हा सोडाही लावू नये आणि व्हिनेगरमध्येही ते भिजत ठेवू नये, दोन्हींत ते खराब होते.

मग आंबट आणि सोडा एकत्र केले तर? खायच्या सोड्यावर व्हिनेगर ओतले की जोरात फेस येतो आणि मोठे काम चालले आहे असे वाटते. प्रत्यक्षात दोघे एकमेकांना मारून टाकतात. चमचाभर, म्हणजे साधारण 5 ग्रॅम सोडा, 4 टक्क्यांचे 90 मिलिलिटर व्हिनेगर निकामी करतो. मागे उरते ते किंचित खारट पाणी. फेसाने मोरीच्या जाळीतला सैल कचरा थोडा हलतो, एवढाच फायदा. सोडा सोड्याच्या जागी वापरावा, व्हिनेगर व्हिनेगरच्या जागी. वडीच्या साबणाचेही तसेच. व्हिनेगर मिसळले की साबण फाटतो आणि चिकट साय वर येते.

तांब्या-पितळेवर मात्र व्हिनेगर आणि मीठ ही जोडी चिंच-मिठासारखीच चालते. काळवंडलेला थर असतो तांब्याच्या ऑक्साइडचा. आंबट त्याला सोडवते आणि मीठ त्या कामाला जोर देते. पण घासल्यावर भांडे भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरडे करावे, नाहीतर दुसऱ्या दिवशी हिरवट डाग दिसतात. बिनकल्हईच्या पितळेत आमटी कळकते तीही आंबटामुळेच. चांदीचा काळेपणा गंधकाचा असतो, तिथे व्हिनेगर उपयोगाचे नाही. गंजलेली विळी किंवा कोयता काही तास व्हिनेगरमध्ये ठेवला तर गंज सुटतो. धुऊन पुसून लगेच तेलाचा हात फिरवावा. बिडाच्या तव्याला मात्र आंबट लावू नये, वर्षानुवर्षे मुरलेले तेल एका दिवसात निघते.

मासळीच्या वासावर व्हिनेगर उत्तम. तो वास अल्कधर्मी अमाइनांचा असतो आणि आंबटाशी संयोग झाला की त्यांचे हवेत उडणे थांबते. बोंबील साफ केल्यावर हाताला लिंबू चोळतात ते याचसाठी. पाट आणि सुरी आधी साबणाने धुवावी, मग व्हिनेगरने पुसावी.

जंतू मारण्यासाठी मात्र व्हिनेगरवर भिस्त ठेवू नये. काही जिवाणू त्याने मरतात, सगळे मरत नाहीत. घरात उलट्या-जुलाबांचा रुग्ण असेल तर शौचालयासाठी ब्लीचिंग पावडरचे पाणी किंवा जंतुनाशकच हवे, आणि त्या दिवशी तिथे व्हिनेगर नेऊ नये. ब्लीच आणि आंबट एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, 1915 साली, बेल्जियममधल्या ईप्रच्या रणभूमीवर सैनिकांवर सोडलेला वायू तोच. बंद न्हाणीघरात तो थोडासाही घातक आहे. म्हणून व्हिनेगरची बाटली ब्लीचिंग पावडरच्या डब्यापासून लांब, वेगळ्या फळीवर ठेवावी, तिच्यावर ठळक अक्षरांत नाव लिहावे आणि पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ते कधीही भरून ठेवू नये.