आकर्षणाविना शिस्त

दूध, रंग, शाई, टूथपेस्ट, साबणाचा फेस यांना भौतिकशास्त्रात ‘मृदू पदार्थ’ म्हणतात. त्यांतले कण अणूपेक्षा कितीतरी मोठे, तरी भोवतालच्या रेणूंचे धक्के खात सतत हलत राहण्याइतके लहान. अशा असंख्य कणांचे सामूहिक वर्तन कागदावरच्या समीकरणांतून क्वचितच सुटते; त्यासाठी संगणकावर त्यांचे प्रतिरूप चालवावे लागते. ही विद्या शिकणाऱ्याने सुरुवात एका साध्या प्रश्नापासून करावी : एकमेकांना मुळीच न ओढणारे, केवळ एकमेकांत न घुसणारे टणक गोळे गोठतील का?

१९५३ साली लॉस अलामॉस येथे मेट्रोपोलिस, रोझेनब्लुथ दांपत्य आणि टेलर दांपत्य यांनी ‘मेनियाक’ या यंत्रावर २२४ चकत्यांचे गणित मांडले. प्रोग्राम लिहिला आरिआना रोझेनब्लुथ यांनी. कृती थोडक्यात सांगता येते. कोणतीही एक चकती घ्यायची, यदृच्छेने थोडी सरकवायची. ती दुसरीवर चढली तर मूळ जागी आणायची, नाही तर नवी जागा कायम. खरी मेख पुढे आहे. चाल नाकारली गेली तरी जुनी मांडणी सरासरीत पुन्हा मोजावी लागते. ती वगळली, तर ज्या मांडण्यांत चाली वारंवार नाकारल्या जातात त्यांचे वजन घटते आणि उत्तर नीटनेटके, पण चुकीचे येते.

१९५७ साली आल्डर आणि वेनराइट यांनी दुसरी रीत वापरली : न्यूटनचे नियम आणि एकेका टकरीचा हिशेब. वुड आणि जेकबसन यांनी यदृच्छेचीच वाट धरली. दोघांचा निष्कर्ष एकच निघाला : गोळे गोठतात! त्या काळी पुष्कळ जाणत्यांना हे पटेना. आकर्षणाशिवाय स्फटिक कसा बनेल?

उत्तर मोकळिकीत आहे. गोळ्यांनी सुमारे ४९ टक्के घनफळ व्यापले, की अस्ताव्यस्त गर्दीत प्रत्येकाची कोंडी होऊ लागते. रांगेत लागले, तर प्रत्येकाला हलायला थोडी अधिक जागा मिळते. म्हणजे शिस्त येते ती एन्ट्रॉपी वाढते म्हणूनच. १९८६ साली प्यूसी आणि व्हॅन मेगन यांनी द्रवात तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या सूक्ष्म गोळ्यांत हे गोठणे प्रत्यक्ष दाखवले.

आज हे सारे साध्या लॅपटॉपवर करून पाहता येते. त्यासाठी पदवी कोणी विचारत नाही. पथ्य मात्र एक पाळावे. ज्याचे उत्तर ठाऊक आहे, असे गणित आधी सोडवून पाहावे. ते जुळले, तरच अज्ञात प्रश्नावर यंत्राने दिलेल्या उत्तराला किंमत येते.