तीन दीप आणि एक रंगीत चित्र

सूर्याचा प्रकाश डोळ्यांस पांढरा दिसतो. परंतु तो काचेच्या लोलकातून जाऊ दिला म्हणजे पलीकडच्या पडद्यावर तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांचा पट्टा उमटतो. ह्या पट्ट्यास वर्णपट म्हणतात. प्रकाश तरंगरूपाने प्रवास करतो, आणि रंगारंगांतील भेद हा त्या तरंगांच्या लांबीचा भेद होय. जांभळ्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४०० नॅनोमीटर, तर तांबड्याची सुमारे ७०० नॅनोमीटर असते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. जांभळ्याहूनही आखूड तरंगांचे जे किरण असतात, त्यांस जंबुपार किरण म्हणतात. ते मनुष्याच्या डोळ्यास दिसत नाहीत. तथापि छायाचित्रणाच्या इतिहासात ह्या अदृश्य किरणांनी एक चमत्कारिक कामगिरी बजावली आहे.

वर्णपटात छटा असंख्य आहेत. मग डोळा त्या सर्व ओळखतो कसा? इंग्लंडमधील टॉमस यंग ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी असा तर्क मांडला की, डोळ्याच्या पडद्यात तीनच प्रकारची ग्रहणशक्ती असावी, आणि त्या तिघींच्या कमीअधिक उत्तेजनातून प्रत्येक रंगाचा बोध होत असावा. हा तर्क खरा असेल, तर तांबडा, हिरवा व निळा हे तीन प्रकाश योग्य प्रमाणात मिसळून जवळजवळ कोणताही रंग निर्माण करता आला पाहिजे. चित्रकार रंगद्रव्ये मिसळतो, ती गोष्ट वेगळी. रंगद्रव्य प्रकाशाचा काही भाग शोषून घेते, म्हणून रंगद्रव्यांचे मिश्रण काळवंडत जाते. उलट प्रकाशात प्रकाश मिसळला की तो अधिक उजळ होतो.

स्कॉटलंडचे थोर पदार्थवैज्ञानिक जेम्स क्लार्क मॅक्सवेल हे ह्या उपपत्तीचे पुरस्कर्ते होते. १७ मे १८६१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये व्याख्यान देताना त्यांनी तिचा प्रत्यक्ष प्रयोग दाखविला. त्यांच्यासाठी टॉमस सटन ह्या छायाचित्रकाराने एका रंगीबेरंगी चौकटीदार फितीची निरनिराळी छायाचित्रे घेतली होती. भिंगापुढे एका वेळी तांबडे, एका वेळी हिरवे व एका वेळी निळे द्रावण ठेवले होते. प्रत्येक चित्र अर्थातच काळेपांढरे होते. परंतु फितीतून त्या त्या रंगाचा प्रकाश कोठे किती येतो, ह्याची नोंद त्यात झाली होती. काचेवरील ही चित्रे तीन दीपांच्या साह्याने त्या त्या रंगाच्या प्रकाशात पडद्यावर टाकून एकमेकांवर तंतोतंत जुळविताच फितीचे रंग दिसू लागले.

येथे एक कोडे उभे राहते. त्या काळच्या पट्टिकांवर प्रकाशाने बदलणारा पदार्थ होता चांदीचा क्षार. हा क्षार निळे, जांभळे व जंबुपार किरण शोषतो आणि त्यामुळे त्यात बदल घडून येतो. तांबड्या प्रकाशाचा त्यावर परिणाम होत नाही. ह्याच कारणाने जुन्या छायाचित्रांत निळे आकाश कोरे पांढरे आणि तांबडे वस्त्र काळे दिसे. मग सटन ह्यांच्या पट्टिकेवर तांबड्याचे चित्र उमटले कसे? निळ्या द्रावणातून चित्र घेण्यास ६ सेकंद पुरले होते, तर तांबड्यातून घेण्यास ८ मिनिटे लागली होती. एवढ्या अवधीनेही जे व्हावयास नको, ते झाले होते.

ह्या कोड्याचा उलगडा शंभर वर्षांनी, १९६१ मध्ये, राल्फ एव्हन्स ह्यांनी केला. तांबड्या कापडाचे अनेक रंग तांबड्याबरोबर जंबुपार किरणही परावर्तित करतात, आणि सटन ह्यांचे तांबडे द्रावण ते किरण आरपार जाऊ देत होते. अर्थात पट्टिकेने तांबडा प्रकाश टिपलाच नव्हता. तिने अदृश्य किरण टिपले, आणि योगायोगाने ते तांबड्याच्याच जागी होते. उपपत्ती खरी होती. तिचा पुरावा मात्र दैवयोगाने हाती आला होता. पट्टिका अपुरी आहे, हे मॅक्सवेल ह्यांनाही कळले होते. तांबड्याकडील किरणांस अधिक संवेदनशील असे पदार्थ सापडल्यास चित्र पुष्कळ सुधारेल, असे त्यांनी सांगून ठेवले होते.

ती उणीव भरून काढण्याची वाट १८७३ मध्ये बर्लिनच्या हेर्मान फोगेल ह्यांस सापडली. पट्टिकेच्या लेपात विशिष्ट रंजकद्रव्य मिसळले असता तिला हिरवा प्रकाशही जाणवू लागतो, असे त्यांस आढळले. रंजकद्रव्य जो प्रकाश शोषते, त्याचा लाभ चांदीच्या क्षारास मिळतो. पुढे योग्य रंजकद्रव्ये सापडत गेली आणि सर्व रंग जाणणाऱ्या पट्टिका तयार झाल्या. १९०७ साली फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंनी बटाट्याच्या पिठूळ सत्त्वाचे रंगविलेले सूक्ष्म कण काचेवर पसरून रंगीत पट्टिका बाजारात आणली. तिच्यामुळे तीन स्वतंत्र चित्रांची गरज उरली नाही.

आजच्या मोबाइल फोनच्या कॅमेऱ्यात चांदीचा क्षार नाही. त्याच्या जागी सिलिकॉनची चकती आहे. तिच्यावरील असंख्य प्रकाशग्राही बिंदूंस स्वतःहून रंग कळत नाही. म्हणून बहुतेक कॅमेऱ्यांत त्यांवर तांबड्या, हिरव्या व निळ्या गाळण्यांची जाळी बसविलेली असते. ब्राइस बेयर ह्यांनी १९७६ मध्ये पेटंट मिळविलेल्या रचनेत हिरव्या गाळण्या इतर प्रत्येक रंगाच्या दुप्पट आहेत, कारण उजेडातील सूक्ष्म भेद डोळ्यास हिरव्याच्या आसपास सर्वांत चांगले कळतात. सिलिकॉनला अवरक्त किरणही जाणवतात, आणि डोळ्यास ते दिसत नाहीत. म्हणून ते अडविणारी आणखी एक गाळणी बहुधा भिंगामागे ठेवतात. न दिसणाऱ्या किरणांनी सटन ह्यांच्या पट्टिकेत जसा शिरकाव केला, तसा तो येथे होऊ नये, हाच तिचा हेतू. चित्र निसर्गातील सर्व किरणांशी जुळावे लागत नाही. ते मनुष्याच्या डोळ्याशी जुळावे लागते.